शुश्रूषेचा हिशेब

दुर्मीळ आजारांचा विषय वर्तमानपत्रांत निघतो तो बहुधा एखाद्या औषधाच्या अवाढव्य किमतीच्या निमित्ताने. कोट्यवधी रुपयांच्या एका इंजेक्शनसाठी लोक उदार अंतःकरणाने वर्गणी देतात, सीमाशुल्क माफ व्हावे म्हणून अर्ज-विनंत्या होतात, छायाचित्रे छापून येतात, आणि तो प्रसंग ओसरला की ज्या घरात असे मूल वाढत असते त्या घराकडे कोणाचे लक्ष राहत नाही. औषधासाठी होणारी ही धावपळ स्तुत्यच आहे. परंतु अशा मुलाचे आयुष्य औषधाने जितके तरते तितकेच, आणि कित्येक आजारांत त्याहूनही अधिक, घरच्या माणसांच्या अहोरात्र श्रमांवर तरते; या श्रमांची शासनाच्या दप्तरी उपचार म्हणून नोंद व्हावी आणि त्यांचा मोबदलाही ठरावा, असे माझे स्पष्ट मत आहे, व ते मी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या एका आजाराच्या आधारे मांडू इच्छितो.

डुशेन या फ्रेंच वैद्याने 1860 च्या दशकात ज्याचे सविस्तर वर्णन केले, तो हा स्नायुक्षय सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. स्नायूंच्या पेशींना बळकटी देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. मूल तीन-चार वर्षांचे झाले की वारंवार पडू लागते, जिना चढताना कठडा सोडत नाही, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवे होऊन मग स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत टेकीत उभे राहते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, आणि आलेगेले त्या पाहून ‘पोरगा पुढे पहिलवान होणार’ असे कौतुकाने म्हणतात. तो भरदारपणा झिजलेल्या स्नायूंच्या जागी साचत जाणाऱ्या चरबीचा आहे, हे आईबापांना कळते ते रक्तातील सीपीकेचा आकडा हजारोंच्या घरात निघाल्यावर आणि जनुकीय तपासणीचा अहवाल हाती पडल्यावर. तोवर हाडांच्या डॉक्टरांकडे, मालिश करणाऱ्यांकडे आणि नवसाच्या देवळांत बराच काळ निघून गेलेला असतो.

हा अहवाल घरात येतो तो रोगाचे नाव घेऊन. पण अनेक घरांत त्याचे वाचन आरोपपत्रासारखे होते. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे सुमारे दोनतृतीयांश मुलांच्या बाबतीत ते आईकडून आलेले असते, आणि उरलेल्या एकतृतीयांशांत ते मुलामध्येच नव्याने बिघडलेले असते. ‘हे तुमच्या माहेरचंच’ हे वाक्य ज्या स्त्रीने एकदा ऐकले, तिला पुढे सारी शुश्रूषा जणू दंड भरल्याप्रमाणे करावी लागते, आणि लहानपणीच वारलेल्या आपल्या एखाद्या मामाची गोष्ट आठवून ती मनातल्या मनात खचत राहते. मुलाच्या बहिणीची तपासणी केव्हा करावी, तिच्या लग्नाच्या वेळी काय सांगावे, हे प्रश्न निराळेच. म्हणून जनुकीय समुपदेशनाच्या वेळी एकट्या आईला समोर बसवून भागणार नाही. वडील, आजी-आजोबा, आत्या, सर्वांना बोलावून, कोणतेही जनुक कोणी निवडून घेत नसतो, हे डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने आणि सर्वांच्या देखत सांगितले पाहिजे. औषधाच्या चिठ्ठीइतकेच त्या चार वाक्यांचे मोल आहे.

या घराची दिनचर्या बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. सकाळी उठल्यावर टाचा आणि गुडघे आखडू नयेत म्हणून पायांना ताण द्यावयाचा, मग न्याहारी, मग स्टेरॉइडची गोळी. या गोळीने चालण्याची वर्षे वाढतात हे खरे, पण चेहरा सुजतो, वजन वाढते, स्वभाव चिडका होतो, आणि वर्गातील मुले चिडवितात म्हणून शाळेला जाताना रोज रडारड होते. दहा-बारा वर्षांच्या सुमारास पाय थांबतात आणि चाकाची खुर्ची येते. ती खुर्ची चाळीतल्या किंवा लहान सदनिकेतल्या न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही, म्हणून चाळीस-पन्नास किलोच्या मुलाला उचलून नेणे आले, आणि ते उचलणे दिवसातून कितीदा घडते हे त्या आईच्या कमरेलाच ठाऊक. शाळेतील वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणण्यास मुख्याध्यापकांच्या एका हुकमापलीकडे काही लागत नाही. तरी तेवढ्यासाठी बापाला रजा काढून खेटे घालावे लागतात.

पण खरी कसोटी रात्रीची. मुलाला स्वतःची कूस बदलता येत नाही. एका अंगावर पडून पडून अंग दुखू लागले की तो हाक मारतो, आई उठते, त्याला वळविते, उशी सारखी करते, आणि पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच दुसरी हाक येते. पुढे छातीचे स्नायू दुर्बळ झाले की श्वासाला आधार देणारे बायपॅप यंत्र रात्रभर चालते, त्याचा मुखवटा घसरला, वीज गेली, तर कोणीतरी जागे असावेच लागते. हे एक-दोन आठवडे चालत नाही, वर्षानुवर्षे चालते. थोरल्या बहिणीला किंवा धाकट्या भावाला या घरात हट्ट करण्याचीही सवड मिळत नाही, आणि ती मुले वयाआधी शहाणी होतात. लोक त्या शहाणपणाचे कौतुक करतात. मला त्याचे वाईट वाटते.

आता या श्रमांचे फळ पाहा. एके काळी या आजाराची बहुतेक मुले विसाव्या वर्षाच्या आत दगावत. आज जेथे नीट काळजी घेतली जाते तेथे त्यांतली पुष्कळ जण पंचविशी-तिशी गाठतात. हा बदल मुख्यतः स्टेरॉइड, हृदयाची औषधे आणि रात्रीचा श्वसनाधार यांनी, आणि ही सारी साधने रोज बिनचूक चालविणाऱ्या हातांनी घडविला आहे. जनुकाच्या विशिष्ट बिघाडांवर चालणारी जी नवी महागडी औषधे निघाली, ती ज्याला त्याला लागू पडत नाहीत.

आपल्या शासनाने 2021 मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पुढल्याच वर्षी रुग्णामागे साहाय्याची मर्यादा 50 लाख रुपयांपर्यंत वाढविली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयासह निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत ती रक्कम खर्च करण्याची तजवीज केली. हे उपकारक पाऊल आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. पण ही रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. घरी रात्र जागविणाऱ्या बाईचा तिच्याशी संबंध येत नाही.

कायद्यात मात्र तिची जागा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्नायुक्षयाला 21 दिव्यांगत्वांत गणले, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. फक्त त्या कलमाच्या आरंभी ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडलेली असल्यामुळे ज्या सरकारला द्यावयाचे नाही त्याला सबब आयतीच मिळते. केरळने आश्वासकिरणम योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहूंना दरमहा 600 रुपये देण्याचे ठरविले. रक्कम तुटपुंजी आहे, पण शुश्रूषा हे काम आहे हे तत्त्व त्या राज्याने मान्य केले, आणि तत्त्व मान्य झाले की रकमेसाठी भांडता येते. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयाच्या साहाय्यक प्राध्यापिकेचे प्रकरण आले होते. मुलाला हाडे ठिसूळ करणारा दुर्मीळ आजार, त्याच्या उपचारांत सारी रजा संपलेली, आणि बालसंगोपन रजेची तरतूद राज्याने स्वीकारलीच नाही म्हणून अर्ज नामंजूर. तेव्हा न्यायालयाने दिव्यांग मुलांच्या मातांना अशी रजा नाकारणे हे राज्यघटनेने सोपविलेल्या कर्तव्याशी विसंगत आहे असे बजावले. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला ही रजा 730 दिवसांपर्यंत मिळते. खाजगी कचेरीतील कारकून स्त्रीला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला, शेतमजुरीवर जाणाऱ्या आईला कोणती रजा? ती काम सोडते, आणि जेव्हा खर्च दुप्पट झालेला असतो नेमकी तेव्हा घराची मिळकत निम्मी होते.

महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी 2022 पासून स्वतंत्र विभाग आहे. या विभागाने कलम 24 खालील काळजीवाहू भत्ता लागू करावा, आणि तो किमान वेतनाशी निगडित ठेवावा, म्हणजे दर वाढीसाठी आईबापांना मोर्चे काढावे लागणार नाहीत. वाढतच जाणारा आजार आहे हे एकदा प्रमाणित झाल्यावर त्याच मुलाला उचलून पुन्हा पुन्हा दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात आणावयास लावू नये. वैद्यकीय मंडळाने घरी जावे. आणि प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित परिचारकांची एक लहानशी तुकडी असावी, जी महिन्यातून चार रात्री अशा घरी मुक्कामाला राहील, कूस बदलील, यंत्र पाहील, आणि आईला सलग झोपू देईल. यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि पहिल्या वर्षाची तरतूद कितीही लहान असली तरी ती त्याच वर्षी खर्ची पडावी.