दिग्व्रत आणि नवे गाव

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये दिग्व्रताचे स्थान काहीसे वेगळे आहे. अहिंसा, सत्य, अचौर्य ही अणुव्रते माणसाच्या कृतीला आणि वाणीला मर्यादा घालतात. दिग्व्रत त्याच्या पावलांना मर्यादा घालते. चार दिशा, चार उपदिशा, वर आणि खाली अशा दहाही दिशांना आपण कुठवर जाऊ आणि कुठवर व्यवहार करू, हे गृहस्थाने आयुष्यभरासाठी ठरवावे, अशी ही योजना आहे. नदी, पर्वत, नगर अशा सर्वांच्या परिचयाच्या खुणा सीमा म्हणून घ्याव्यात, असेही आचार्य सांगतात. सीमेपलीकडील प्रदेशात त्या गृहस्थाकडून सूक्ष्म पापही घडत नाही, म्हणून तेवढ्यापुरती त्याची अणुव्रते महाव्रतांसारखी होतात, हे त्यामागचे तत्त्व.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यांतील दोन आजच्या काळात विशेष मननीय वाटतात. एक ‘क्षेत्रवृद्धि’, म्हणजे लोभापायी ठरलेले क्षेत्र वाढवून घेणे. दुसरा ‘स्मृत्यन्तराधान’, म्हणजे आपण कोणती मर्यादा घेतली होती याचाच विसर पडणे. पहिल्या दोषात माणसाला आपण काय करीत आहोत हे ठाऊक असते. दुसऱ्या दोषात ते ठाऊकही नसते, आणि स्थलांतर करणाऱ्या माणसाला त्याचाच धोका अधिक असतो.

जैन समाजाला स्थलांतर नवीन नाही. मारवाडातून आलेली ओसवाल कुटुंबे अहमदनगर, जळगाव या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापूरचा, परंतु त्यांच्या घराण्याचे मूळ सौराष्ट्रातील वांकानेरचे. कुंभोजमध्ये 1887 साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगाव पायपीट केली. या फिरतीत त्यांनी बहुजन समाजाचे अज्ञान जवळून पाहिले आणि 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. ही सारी माणसे कामासाठी घराबाहेर पडली होती. आजचे एक स्थलांतर मात्र काम संपल्यानंतरचे आहे. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात स्थिरावतात आणि निवृत्त आईवडील गावातील घराला कुलूप लावून त्यांच्याकडे जातात. अशाच एका गृहस्थांची ही हकिकत.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचे आयुष्य गेले. छत्तीस वर्षे बँकेत नोकरी, त्यांतील शेवटची काही वर्षे शाखाधिकारी म्हणून. सकाळी बस्तीत दर्शन, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन, हा नेम कधी चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नीसह ते सुमारे सहाशे किलोमीटर दूर, बंगळुरात मुलाकडे राहावयास गेले. घर चौदाव्या मजल्यावर. दिग्व्रतातील ‘ऊर्ध्व’ दिशा आपल्या आयुष्यात अशी येईल असे वाटले नव्हते, असे ते हसत म्हणत.

पहिला पेच सूर्यास्ताचा पडला. भिंतीवरच्या नेहमीच्या दिनदर्शिकेतील वेळ इथे लागू पडेना. बंगळूर हे सांगलीच्या पूर्वेस साधारण तीन रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य तेथे बारा मिनिटे आधी मावळावयास हवा. पण बंगळूर दक्षिणेसही आहे. त्यामुळे जूनमध्ये हे अंतर वीस मिनिटांच्या आसपास जाते, तर डिसेंबरमध्ये जेमतेम पाच मिनिटे उरते. आकडेमोडीची सवय असलेल्या या गृहस्थांनी वर्षभराचा तक्ताच तयार केला आणि स्वयंपाकघरात लावला.

तक्ता बिनचूक होता, तरी त्यातून घरचा प्रश्न सुटला नाही. मुलगा व सून रात्री आठनंतर घरी येत. म्हणजे पत्नीने साडेचारला एकदा चूल धरावयाची आणि सातला पुन्हा. गावी हे कधी जाणवले नव्हते, कारण तेथे सारे घर एकाच पंगतीला बसत असे. एके दिवशी पत्नी सहज म्हणाल्या, “तुमचं व्रत आहे, पण माझ्या गुडघ्यांचं नाही ना.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तरीही गृहस्थांनी ते वाक्य मनावर घेतले. दुसऱ्या दिवसापासून सायंकाळची मुगाची खिचडी ते स्वतः लावू लागले. पहिला आठवडा ती कधी पातळ, कधी करपलेली झाली. नातू शाळेतून आला की आजोबांच्या ताटाशी बसू लागला. रविवारी सर्वांनीच दिवसाउजेडी जेवावे हे सुनेने आपणहून ठरविले. तिला कोणी उपदेश केला नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची. सीमाभागालगतच्या गावात राहिल्यामुळे कानडीचे चार शब्द त्यांच्या कानांवर होते, पण ते बाजारापुरते. इमारतीच्या दारावरील रखवालदार मंड्याकडचा. तो रोज संध्याकाळी त्यांना विचारी, “ऊट आय्ता, सार्?” जेवण झाले का? त्या वेळी सहा वाजलेले असत. “आय्तु,” झाले, असे उत्तर मिळाले की तो चकित होई. इतक्या लवकर का, या त्याच्या प्रश्नातून दोघांची ओळख वाढली. पुढे बोलता बोलता कळले की त्याच्या बँक खात्याला वारसाचे नामांकनच नाही आणि कोणताही विमा नाही. बँकेच्या माणसाला ही गोष्ट स्वस्थ बसू देणारी नव्हती. त्यांनी त्याच्यासोबत बसून नामांकनाचा अर्ज भरला. वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे जीवनविमा संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आणि 20 रुपयांची अपघात विमा योजना समजावून सांगितली. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी रक्कम शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो, हेही बजावले. महिनाभरात इमारतीतील घरकाम करणाऱ्या बायका, वाहनचालक, माळी असे अनेकजण पासबुके घेऊन येऊ लागले. त्या बदल्यात रखवालदाराने त्यांना कन्नड अक्षरे शिकविली.

जिनमंदिर घरापासून पाच किलोमीटर. त्याच इमारतीत राहणारे एक सधर्मी गृहस्थ, मूळचे बेळगावकडचे, दर रविवारी आपल्या गाडीतून त्यांना घेऊन जात. मराठी व कन्नड दोन्ही बोलणारे, मनमिळाऊ. नव्या शहरात मिळालेले हे एकच मैत्र म्हणावयास हरकत नाही. दोघे मिळून श्रवणबेळगोळलाही जाऊन आले. गोमटेश्वराच्या चरणांशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर मराठीतील जुना शिलालेख आहे. तो दाखवीत बेळगावकर म्हणाले होते, “बघा साहेब, आपली भाषा आपल्या आधीच येऊन राहिली आहे इथे.”

हे बेळगावकर इमारतीच्या रहिवासी संघाचे खजिनदार होते. निवृत्त बँक अधिकारी म्हणून अंतर्गत तपासणीचे काम या गृहस्थांकडे त्यांच्याच सूचनेवरून आले. वार्षिक सभेपूर्वी वह्या पाहताना एक नोंद अडली. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी 86,000 रुपये रोख दिल्याचे लिहिले होते. पावत्या होत्या 52,000 रुपयांच्या. उरलेल्या 34,000 रुपयांचा कागद नव्हता.

“साहेब, रात्री दोन वाजता लिफ्ट बंद पडली होती. आत माणसं अडकलेली. कामगाराला तिथंच पैसे मोजले. त्या वेळी पावती कोण मागतं? आपण सही करा, सभेत कोणी विचारणार नाही.”

“आपण सांगता ते खरंच असेल. पण आता तरी त्याच्याकडून लिहून घ्या. तेवढं आलं की मी सही करतो.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही आपला?”

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. नव्याने रुजू झालेल्या तरुणाला यात आपल्यावरचा अविश्वास दिसतो. वर्षे गेली म्हणजे कळते की रोकड कमी भरल्यास प्रामाणिक माणसावर संशय येऊ नये, यासाठी ती दुसरी किल्ली असते. गृहस्थांनी हेच शब्द निराळ्या रीतीने सांगून पाहिले. बेळगावकरांनी ऐकून घेतले, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

त्या रात्री गृहस्थांना झोप लागली नाही. सही न केल्यास हा स्नेह तुटणार, रविवारचे दर्शन अवघड होणार, आणि परक्या शहरात एका सधर्मीला सर्वांसमोर उणे ठरविल्याचा बोल लागणार. सही केल्यास कोणाचे काही अडणार नव्हते. पण सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. जे पाहिले नाही, पडताळले नाही, ते पाहिल्याचे लिहून देणे याच सदरात येते. गावी असते तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता. तेथे छत्तीस वर्षांची ओळख होती, मागे मान होता, नकाराची किंमत फार नव्हती. येथे ती मोजावी लागणार होती. आपले व्रत किती आपले आणि किती गावाच्या नजरेने सांभाळलेले, हे त्या रात्री प्रथमच तपासले गेले.

सभेत त्यांनी अहवाल वाचला. 34,000 रुपयांच्या खर्चाचा कागद उपलब्ध नाही, काम झाल्याचे रहिवाशांनी पाहिले आहे, आणि यापुढे दोन हजारांवरील रक्कम रोखीने देऊ नये, एवढेच त्यात होते. आरोपाचा एकही शब्द नव्हता. तरीही बेळगावकरांनी त्याच सभेत खजिनदारपद सोडले. पुढच्या रविवारी गाडी आली नाही.

गृहस्थ बसने जाऊ लागले. पाच किलोमीटरसाठी दोन बस, सव्वा तास. फलकावरची कन्नड अक्षरे जुळवीत थांबा ओळखावा लागे. रखवालदाराकडे घेतलेले धडे तेथे उपयोगी पडले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. शुद्ध पंचमीला उत्तम क्षमेने सुरुवात होते आणि अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीने सांगता. क्षमावाणीच्या सकाळी हे गृहस्थ स्वतः बेळगावकरांच्या दारी गेले. हात जोडून म्हणाले, “माझ्यामुळे आपलं मन दुखावलं, त्याची क्षमा मागतो. नोंद मात्र मला बदलता येणार नाही.” बेळगावकर क्षणभर गप्प राहिले. मग “आत या, दारात नको,” एवढेच म्हणाले. पाणी आले, मुलाबाळांची चौकशी झाली. हिशेबाचा विषय दोघांनीही काढला नाही. रविवारची गाडी पुन्हा सुरू झाली नाही, परंतु मंदिरात गाठ पडली की ‘जय जिनेंद्र’ होऊ लागले. त्या पावतीचे पुढे काय झाले, हे कधीच स्पष्ट झाले नाही.

अशा प्रसंगांचा शेवट गोड व्हावा, असे सर्वांनाच वाटते. क्षमा मागितली म्हणजे नोंद पुसली जावी, अशीही आपली एक सुप्त अपेक्षा असते. परंतु क्षमाधर्म आणि सत्यधर्म हे दशलक्षणांत स्वतंत्र सांगितले आहेत. एकाच्या नावाने दुसऱ्याला सूट घ्यावी, असा त्यांचा हेतू असू शकत नाही. खाते जसे आहे तसे ठेवून मनातील वैर काढून टाकणे हे काम अवघड, पण गृहस्थाश्रमात शक्य कोटीतले आहे.

उतारवयात गाव सोडणाऱ्या वाचकांनी सामानाची यादी करताना आणखी एक छोटी यादी करावी. आपले कोणते नियम आपण स्वतः घेतलेले आहेत आणि कोणते केवळ गावाच्या सवयीने पाळले जात होते, ते लिहून काढावे. आपल्या नियमाचा भार घरातील दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडतो का, हेही त्यापुढे मांडावे आणि तो भार शक्य तितका स्वतः उचलावा. नव्या जागी मंदिर कोठे आहे याची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर दारावरच्या माणसाची भाषाही थोडी शिकून घ्यावी. दिग्व्रत घेणारा आपल्या सीमेच्या खुणा आधी ठरवतो, कारण परक्या प्रदेशात स्मरण हाच त्याचा आधार असतो.