अधल्यामधल्यांची गाडी

परवा ऑफिसात जेवताना वाद झाला. विषय होता महाराष्ट्र एक्सप्रेस. टीममधला नागपूरचा मित्र म्हणाला, "ती एक्सप्रेस आहे की लाल डबा? दिसेल तिथे थांबते. अर्धे थांबे उडवा, चार तास वाचतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. माझं गाव मलकापूर असूनही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही गाडी रोज दुपारी कोल्हापूरहून निघते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोचते. १३०० किलोमीटरच्या वर अंतर, आणि तरी राज्याबाहेर पाऊल नाही. मिरज, सातारा, पुणे, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर... ऊस, कांदा, केळी, कापूस, संत्री असं करत शेवटी धानाच्या मुलखात.

रात्री आईला फोनवर हा वाद सांितला तर ती हसली. म्हणाली, "मंग म्या कोठी उतरू रे बाबू?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. कारण पुण्याहून रात्री बसून सकाळी घरी पोचायला मीही हीच गाडी धरतो. आणि आईला अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायलाही हीच.

आपली गफलत अशी होते, की आपण गाडी दोन टोकांवरून मोजतो. कोल्हापूर ते गोंदिया इतके तास, म्हणजे गाडी रटाळ. पण कोल्हापूरहून थेट गोंदियाला जाणारे असे किती असणार? बहुतेक जण अधलेमधलेच. सांगलीहून पुण्याला येणारा विद्यार्थी, कोपरगावहून जळगावला निघालेलं लग्नाचं वऱ्हाड, शेगावला दर्शनाला जाणारे. एकाच बर्थवर २८ तासांत तीन-चार वेगवेगळी माणसं झोपून जातात.

थोडं गणित करू (सवय, दुसरं काय!). समजा गाडीला टोकं धरून ४० थांबे आहेत. म्हणजे गावांच्या ७८० जोड्या ती जोडते. थांबे १० वर आणा, जोड्या उरतात फक्त ४५. प्रत्येक जोडीला सारखी गर्दी नसते हे मान्य. पण चार तासांच्या बदल्यात आपण काय मोडतोय याचा अंदाज येतो.

आता मित्राचीही बाजू. थांबा दोन मिनिटांचा असला तरी ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात आणखी मिनिटं जातात, हे खरंच आहे. पण आमच्या आठवणीतला खरा उशीर हा थांब्यांचा नव्हताच. पुणे-मिरज आणि दौंड-मनमाड हे मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होते. समोरून गाडी येईपर्यंत कुठल्यातरी आडगावच्या स्टेशनात क्रॉसिंगला ताटकळायचं. दोन मिनिटांच्या थांब्याला कोण रडतं? रडायचं तर त्या ताटकळण्यावर रडा. वेळ वाचवायचा तर तो दुहेरीकरणातून वाचवा, मलकापूर-नांदुऱ्याच्या खिशातून नको.

आणि ज्यांना खरोखर घाई आहे त्यांच्यासाठी १० ऑगस्ट २०२५ ला पुणे-अजनी वंदे भारत सुरू झालीच की. उत्तम झालं. सुरू झाली तेव्हा तिच्या थांब्यांत मलकापूर नव्हतं, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. वेगवान गाडी मोजक्या ठिकाणीच थांबणार. पण म्हणूनच दुसरी गाडी सगळीकडे थांबायला हवी ना? दोघींना एकाच साच्यात बसवलं तर मधल्या गावांनी जायचं कशानं?

तक्रार करायचीच तर वेगळी आहे. मधल्या स्टेशनावरून मधल्या स्टेशनाचं तिकीट काढा. बऱ्याचदा हातात पडतं ते पूल्ड कोट्याचं वेटिंग, आणि ते जनरल कोट्यातल्या वेटिंगइतक्या सहज कन्फर्म होत नाही. म्हणजे गाडी चालते अधल्यामधल्यांवर आणि जागा वाटताना ते रांगेत मागे! जनरलचे दोन डबे वाढवा, मधल्या गावांचा कोटा वाढवा, मग थांब्यांबद्दल बोलू.

असो. सोमवारी मित्राला हे सगळं ऐकवणार आहे. तो म्हणेल, तुझं गाव मध्ये आहे म्हणून बोलतोस. बरोबर आहे. त्याचं गाव मोठं आहे म्हणून तोही बोलतोच आहे की :-)