उसना शरद आणि आपला कुसुम

इंग्रजी ‘ऑटम’समोर ‘शरद’ लिहिले की भाषांतर झाले, असे आपल्याकडे मानले जाते. या सोयीला आमचा आक्षेप आहे.

शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्या दिवसांत यवतमाळच्या रानातला साग हिरवागार असतो. टिपेश्वरची किंवा पैनगंगेकाठची पानगळ येते ती शिशिरात. तीही हिमाच्या भयाने नव्हे, तर जमिनीतले पाणी आटल्यामुळे. मग फाल्गुन-चैत्रात, ऊन तापू लागताच, कुसुम, म्हणजे कोशिंब, लालभडक पालवीने पेटतो. मोहाची पालवी तांबूस, पिंपळाची तांब्याच्या कांतीची.

मेपलचे पान गळण्यापूर्वी लाल होते; कुसुमाचे पान जन्मतःच लाल असते. रंगद्रव्य एकाच जातीचे, अँथोसायनिन. परंतु तिथे ते निरोपाच्या वेळी दिसते, इथे आगमनाच्या. तांबडे पान दिसताच अस्तकाळाची हुरहुर लिहिणारी आपली नवकविता म्हणूनच उसनी वाटते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिले, ते काही केवळ हौसेपोटी नव्हे. ते पुस्तक नेमायचे आणि ऋतू मात्र परक्या दिनदर्शिकेतून शिकवायचे, ही विसंगती कुणाला खटकू नये?

हीच वृत्ती महाविद्यालयांच्या आवारातही दिसते. ‘शोभेचे झाड’ म्हटले की मादागास्करहून आलेला गुलमोहर, नाहीतर बारमाही हिरवा राहणारा उभट अशोक. निष्पर्ण फांदी कुरूप, असा सौंदर्यशास्त्रातला कुठला सिद्धान्त आहे? शिशिरातली नग्नता पाहिल्यावाचून चैत्राची पालवी कळत नाही.

कुसुम हळू वाढतो, हा आक्षेप खरा आहे. पदवीची तीन वर्षे त्याला पुरणार नाहीत. लावणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा पूर्ण विस्तार पाहता येणार नाही. पण वाङ्मयपरंपरा शिकवणाऱ्यांनी तरी विलंबाची तक्रार करू नये. पावसाळ्याच्या तोंडी पिकणाऱ्या फळांतले ताजे बी लावावे, कारण ते फार काळ टिकत नाही. पहिली काही वर्षे रोपाला गुरांपासून जपावे, उन्हाळ्यात पाणी द्यावे, आणि पाने झडली की झाड वाळले समजून कुऱ्हाड चालवू नये.

आमची मागणी एवढीच: प्रत्येक मराठी विभागाने आपल्या आवारात एक कुसुम लावावा, आणि ‘ऑटम’चा अर्थ सांगताना ‘शरद’ न म्हणता ‘तिकडची पानगळ’ म्हणावे.