फायटरची पिल्लं हवीत? आधी बरण्या मोजा

दुकानातून आणलेला निळा-लाल फायटर घरी रुळला, की एखाद्या सकाळी पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका दिसतो. ‘नर घरटं बांधतोय, त्याला मादी आणू या,’ असा आग्रह मुलं धरतात. पण मादी जवळ नसली तरी नर असं घरटं बांधतो. त्याला एकटं ठेवणं म्हणजे क्रूरपणा नव्हे. माझ्या मते, मादी आणण्याआधी घरात रिकाम्या बरण्या किती आहेत, ते मोजावं.

अंडी मिळवणं तसं सोपं. पाणी २६ ते २८ अंश, क्लोरीन काढलेलं आणि जेमतेम वीतभर खोल ठेवायचं. वाळलेलं देशी बदामाचं पान त्यात टाकलं तर उत्तमच. (आपण ते रोज झाडून फेकतो, थायलंडमधले मासेपालक जपून वापरतात.) मादीला आधी पारदर्शक बाटलीत ठेवून नराला नुसती दाखवायची. तिच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि पोट भरलेलं दिसलं, तरच तिला सोडायचं. लपायला झाडोरा हवाच. पर फाटू लागले तर लगेच वेगळं करायचं. अंडी घालून झाली की नराच्या लेखी ती शत्रूच, म्हणून तिला तत्काळ बाहेर काढायचं. अंडी तोंडात धरून घरट्यात ठेवणं, खाली पडलेली पुन्हा उचलणं, हे सगळं बापच करतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली, की बापालाही हलवायचं, नाहीतर तो पिल्लं खाऊ शकतो.

खरी कसोटी इथून पुढे. पिल्लांना पहिले काही दिवस पाण्यातले सूक्ष्मजीव आणि मग नुकतेच फुटलेले आर्टेमिया लागतात, तेही दिवसातून दोन-तीनदा. उरलेलं अन्न कुजलं, की अमोनिया वाढून एका रात्रीत टाकी रिकामी होते. हवेतून श्वास घेण्याचा अवयव काही आठवड्यांनी तयार होतो. त्या काळात टाकीवर झाकण ठेवून वरची हवा उबदार आणि दमट राखावी लागते.

हे सगळं जमलं, तर शंभरावर पिल्लं हाती येऊ शकतात. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर तुटून पडतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळी बरणी आली. पन्नास नर, पन्नास बरण्या आणि पन्नास वेळा पाणी बदलणं. दुकानदार ते घेईलच, याची खात्री नाही.

मग कुणीतरी सुचवतं, ‘विहिरीत सोडा, डासांच्या अळ्या खातील.’ अळ्या तो खातो, हे खरं. पण हा आपल्याकडचा मासा नाही. त्याच्याबरोबर टाकीतले रोगही बाहेरच्या पाण्यात जातात. पिल्लं झालीच असतील तर ओळखीच्यांना द्या, मात्र आधी मुलांच्या आईवडिलांना विचारून आणि एका घरी एकच नर.