शर्यत, आठवणी आणि आप्पांची पराणी

गेले तीन शनिवार-रविवार मी अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतींत अडकलोय. गाडीत नाही हो, यूट्यूबवर. (सोमवारी रिलीज असली की माणूस काय काय बघत बसतो!)

न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन नावाचं छोटंसं गाव आहे. 1948 साली कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने तिथे शर्यत भरवली. ट्रॅक वगैरे काही नाही. गावातल्या आणि आजूबाजूच्या नेहमीच्याच रस्त्यांवर 6.6 मैलांचा फेरा, वाटेत रेल्वेचे रूळ. शर्यतीसाठी त्या दिवशी आगगाड्या थांबवल्या होत्या म्हणे! ब्रिग्ज कनिंगहॅम हा तिथला बडा शौकीन. त्याने पळवलेली गाडी म्हणजे ब्यूकचं धूड आणि वर मर्सिडीजची बॉडी. आमच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही वेल्डरला हा माणूस आपला वाटला असता.

हे सगळं बघताना मला सारखं कळस आठवत होतं. आमचं गाव, इंदापूर तालुक्यातलं. आता तुम्ही म्हणाल, कुठे कॉर्व्हेट आणि कुठे खिल्लार! तसा अमेरिकन गाड्यांशी आमच्या भागाचा अगदीच संबंध नाही असं नाही. कळसजवळच्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांच्याच प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या. पण तो वेगळा विषय. आमच्याकडे शर्यत म्हटली की बैलांची. माळावर आखलेले तास, हलकी छकडी, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट, मग सेमी, मग फायनल. हाकणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात.

माझे चुलते, आप्पा, या नादातले. जेवताना भाजीत मीठ आहे का नाही ते सांगता येणार नाही, पण वीस वर्षांपूर्वीच्या मैदानात कितव्या तासाला कुठली जोडी होती आणि निशाणाजवळ कोण कुणाला किती हातांनी मारून गेलं, हे सगळं तोंडपाठ. वॉटकिन्स ग्लेनचे ते म्हातारे शौकीन असेच आहेत. फरक एवढाच, की त्यांनी गाडीच्या चॅसी नंबरापासून सगळं लिहून ठेवलंय. आप्पांचा डेटाबेस डोक्यात, आणि बॅकअप नाही.

पण मला खटकलं ते दुसरंच. 1952 साली वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत एक गाडी गर्दीत शिरली आणि सात वर्षांचा एक मुलगा गेला. गावातली शर्यत बंद झाली, पुढच्या वर्षी ती गावाबाहेर गेली आणि 1956 साली खास ट्रॅक बांधला गेला. आजही तिथे जुन्या गाड्यांचा उत्सव होतो, त्याच जुन्या रस्त्यांवरून गाड्या हळू चालवत नेतात. आणि गोष्ट सांगताना ते त्या मुलाबद्दलही सांगतात. गाळत नाहीत.

आपल्याकडे काय होतं? 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. 2017 साली राज्याने कायदा केला, तोही कोर्टात अडकला. डिसेंबर 2021 मध्ये नियम घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. त्या दिवशी गावात गुलाल उडाला. शौकिनांचं म्हणणं एकच, बंदीने खिल्लार संपवला. हे मला अर्धंच पटतं. नांगर, मोट, गाडी ही कामं बैलाकडून आधीच ट्रॅक्टरने आणि मोटरने काढून घेतली होती. शर्यत हे बैल दावणीला ठेवायचं शेवटचं कारण उरलं होतं, तेही गेलं. आप्पांनी बंदीत एक बैल निम्म्या किमतीला विकला. गाडी वळणाआड गेली तरी ते रस्त्यावर उभेच होते. हे दुःख खरं आहे, पुण्यात बसून त्याला कुणी हसू नये.

पण मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्याच बैलाच्या मागच्या मांडीवरून ओघळलेलं रक्त पाहिलंय. पराणीच्या आरेने झालेलं. सुटायच्या आधी एक जण बैलाचं शेपूट दातात धरून चावत होता, तेही पाहिलंय. त्या दिवशी आमची जोडी पहिली आली. आप्पांनी ती फायनल मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. रक्त एकदाही नाही.

मागच्या दिवाळीत मी विचारलंच. "आप्पा, तुम्ही आर का नाही सांगत कधी?"

ते बराच वेळ गोठ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तवा समदेच मारायचे. आन् आपला बैल मागं राहिला तर लोक काय म्हणतील, ह्येची भीती. बैलाचं कोन बघतंय."

पन्नास वेळा ऐकलेल्या त्या फायनलपेक्षा मला हे एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं. मी शर्यतीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. नियम पाळून होत असेल तर व्हावी, मी स्वतः बघायला जातो. पण शौकिनांनी 'आम्ही बैलांना पोटच्या पोरासारखं जपलं' एवढंच सांगून थांबू नये. जपलं हे खरंच आहे. स्वतः कोरा चहा पिऊन बैलाला दूध पाजणारी घरं मी बघितलीत. टोचलं हेही खरं आहे. दुसरी गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत तर ती फक्त कोर्टाच्या कागदात राहील, आणि मग पहिलीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आज यूट्यूबवर मैदानाचे हजारो व्हिडिओ आहेत, त्यात धूळ आहे, हलगी आहे, बक्षिसाची जीप आहे. पण म्हाताऱ्या ड्रायव्हरला समोर बसवून तासभर बोलतं केलंय, असं फार कमी सापडतं.

म्हणून पुढच्या यात्रेला रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. आप्पा हो म्हणालेत, "पर शेपटाचं घालू नगं" असं काकूने आतून ओरडून सांगितलं तरी.

निघताना त्यांनी माळ्यावरची पराणी काढून दाखवली. हाताने घासून गुळगुळीत झालेली काठी, टोकाला नुसतंच भोक. आर काढलेली होती. कधी काढली, ते विचारायचं राहून गेलं.