गाडी चालवता येते, पण बॉनेट उघडता येतं का?



मागच्या महिन्यात भिशीला जमलो होतो, तेव्हा मी सहज एक प्रश्न विचारला. बसलेल्या चौदा जणींपैकी नऊ जणी स्वतः गाडी चालवतात. त्यातल्या किती जणींनी आपल्या हाताने बॉनेट उघडलंय? एक हात वर झाला, तोही अर्धवट. हसू नका, गेल्या वर्षीपर्यंत माझाही झाला नसता. पाच वर्षं गाडी चालवत होते, पण बॉनेटचा खटका कुठे असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सासूबाई, मोठ्या नणंदबाई आणि मी बाहुबलीला दर्शनाला गेलो होतो. परत सांगलीला निघायला उशीर झाला. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे माझा एक डोळा सारखा घड्याळावर. हातकणंगले मागे पडलं आणि समोर एक लाल दिवा लागला. पाण्यात थर्मामीटर बुडवल्यासारखं चित्र. मला वाटलं, एसीचं काहीतरी असेल, घरी गेल्यावर यांना विचारू. एसी बंद केला आणि तशीच चालवत राहिले. जयसिंगपूरच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

दीर दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत अंधार झाला होता. सासूबाई त्या रात्री उपाशी झोपल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

इंजिनचं हेड गॅस्केट गेलं होतं, हेडही तापून वाकलं होतं. बिल झालं १८,००० रुपये. मिस्त्री म्हणाले, "वैनी, लाल दिवा लागला तेव्हाच कडेला घेऊन बंद केली असती, तर नुसत्या पाइपवर भागलं असतं." एक रबरी पाइप चिरला होता आणि त्यातून कुलंट थेंब थेंब गळत होता. आता खरी लाज वाटणारी गोष्ट सांगते. पोर्चमधल्या फरशीवर महिनाभर रोज सकाळी हिरवट डाग दिसायचे आणि मी ते साबणाने घासून काढायची! कुठून येतात हे वाकून बघितलं नाही. स्वयंपाकघरात नळ एवढा गळला असता तर त्याच दिवशी प्लंबरला फोन केला असता.

आपण बायकांनी घरोघरी मेकॅनिक व्हावं असं माझं म्हणणं नाही. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन उघडणं ही जाणत्या माणसाची कामं, त्यांना हात लावू नये. पण गाडी आधी सांगते आणि मग बिघडते. ते सांगणं कळलं नाही तर आपल्याला गाडी चालवता येते असं म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स शिकवतात, चढावर थांबून निघायला शिकवतात, बॉनेट कोणी उघडून दाखवत नाही. आणि घरी "तुला काय करायचंय, मी बघतो" हे प्रेमाने म्हटलं जातं. म्हणणारे त्या रस्त्यावर आपल्याबरोबर नसतात.

मी शिकले ते आमच्या मिस्त्रींकडेच. चार रविवार, तासभर. पहिल्या दिवशी त्यांनी रेडिएटरचं झाकण दाखवलं आणि म्हणाले, हा तुमचा कुकर समजा. खरंच तसंच आहे. बंद झाकणामुळे आत दाब राहतो, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. शिट्टी झाल्याबरोबर आपण कुकर उघडतो का? मग तापलेल्या गाडीचं ते झाकणही उघडायचं नाही, अंगावर उकळतं पाणी उडतं. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि चांगलं गार होऊ द्यायचं. रोजचं बघायला बाजूला प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर कमीतकमी आणि जास्तीतजास्त अशा दोन खुणा असतात. गार गाडीत कुलंट त्या दोन खुणांच्या मध्ये दिसला पाहिजे. झाकण न उघडता, नुसतं डोळ्यांनी.

नणंदबाईंनी विचारलं, गाळलेलं पाणी घातलं तर चालेल का? अडचणीत सापडलात तर गॅरेजपर्यंत पोचायला कुठलंही स्वच्छ पाणी चालतं, पण रोजचं म्हणून नाही. गाळण्याने पाण्यातले क्षार जात नाहीत. गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर चढतो, तसाच तो आत चढतो. दुसरं म्हणजे कुलंट सहसा ज्या द्रवापासून बनतो तो चवीला गोड असतो आणि विषारी. कुत्र्या-मांजरांनी चाटला तर जीव जातो. मी फरशी घासत होते ते अज्ञानातच, पण निदान तेवढं तरी बरं झालं. सांडला तर लगेच धुऊन काढा. थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापाही मारा, इंजिनच्या उबेला मांजर येऊन बसलेलं असतं.

ऑइल बघणं तर अगदीच सोपं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ झालेला. पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र चालत्या गाडीत लागलं तर घर कितीही जवळ असो, थांबायचं.

स्टेपनी बदलणं मी अंगणात तीनदा करून बघितलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे. चाक हवेत गेलं की पाना फिरवताना तेही फिरतं. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, घट्ट जमिनीवर. जॅक कुठे लावायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ताकदीचं म्हणाल तर पान्यावर सरळ पाय ठेवायचा, आपलं वजन कधीतरी उपयोगी पडतं! आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा. आमचीत निम्मीसुद्धा नव्हती. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

"पैसे वाचतात का?" हा प्रश्न सगळ्या विचारतात. फार नाही. एकदा मात्र असं झालं की मोबाइल चार्जिंगचं सॉकेट बंद पडलं आणि एका ठिकाणी "सगळं वायरिंग बघावं लागेल" असं सांगितलं. घरी येऊन पुस्तिका बघितली, फ्यूजची डबी शोधली, १५ अँपिअरचा निळा फ्यूज जळलेला होता. तेवढ्याच अँपिअरचा नवीन घातला आणि चालू. मोठा घालायचा मोह करू नका, त्याने वायर जळते. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये माझ्याशी बोलण्याची तऱ्हा बदलली. आता मी विचारते, जुना भाग दाखवा. दाखवतात.

हात काळे होतात हे खरं. बेसन आणि थोडं तेल लावलं की निघतात.

या रविवारी पुन्हा बाहुबलीला जायचं आहे. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय, दुपारी तीनला परत निघायचं, आणि निघण्याआधी मला पाणी बघितल्याचं सांगायचं. त्या आता टाकीच्या खुणा स्वतः वाकून बघतात.