महाडच्या जगतापांची पुढची पायरी

महाडच्या माजी नगराध्यक्ष स्नेहल जगताप पुन्हा आमदारकीला उभ्या राहतील का? चिन्हं तशीच आहेत. वडील माणिक जगताप २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून आमदार झाले. २००९ पासून मात्र महाड-पोलादपूर भरत गोगावल्यांच्याच ताब्यात. वडील २०२१ मध्ये गेले. लेकीने २०२३ मध्ये काँग्रेस सोडून ठाकरेंची मशाल धरली, २०२४ ला गोगावल्यांशी लढून हरल्या आणि २०२५ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेल्या. विधानसभा नकोच असती, तर एवढे उंबरठे कोण झिजवतं? गोची अशी, की गोगावल्यांची शिवसेना आणि ही राष्ट्रवादी दोन्ही महायुतीतल्या. विद्यमान आमदाराची, त्यातही मंत्र्याची, जागा मित्रपक्षाला सहसा सुटत नाही. आणि रायगडच्या पालकमंत्रिपदावरून याच राष्ट्रवादीच्या तटकरेंचा गोगावल्यांशी असलेला वाद तर जगजाहीर आहे.